फुस् शिकायला जबलपूरला

आमच्या घरी शिट्टी वाजली की नितीन, म्हणजे माझा नवरा, गॅस बंद करायला धावतो. कुकर लावलेला नसला तरी धावतो. मग मी बेडरूममधून ओरडते, "गॅस नाही, मी आहे!" नागपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आठ महिने हेच चाललं होतं.

झालं असं, की लेकीच्या, ईशाच्या शाळेसाठी बासरी मागवली आणि डब्यातून निघाली टिन व्हिसल. सहा भोकांची पातळ नळी, वर प्लास्टिकचं तोंड. आयर्लंडमध्ये लोक जिच्यावर त्यांच्या जुन्या धुना वाजवतात ती. लेकीने नाक मुरडलं. मी मात्र फोनवर तिकडच्या लोकांचं वाजवणं ऐकलं आणि बाप्पा, पागलच झाले! म्हातारेकोतारे टेबलाभोवती बसून पायाने ठेका धरतात अन् धून अशी पळते की ऐकणाऱ्याला धाप लागावी. पण आठ महिन्यांत मला एक धून धड येईना. शेवटी नितीनशी पैज लागली. गुरूसमोर बसून एक धून पूर्ण शिकून यायची, नाहीतर शिट्टी भंगारवाल्याला.

गुरू म्हणजे जबलपूरचे तांबेमामा, सासूबाईंचे मावसभाऊ. तिथल्या रिछाई औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या शाळेत एक आयरिश सर होते. त्यांच्याकडून मामांनी पोरवयात एक धून उचलली, पुढे लेथवर स्वतःची शिट्टी घडवली आणि साठ वर्षं तेवढी एकच धून वाजवली. आडनाव तांबे, शिट्टी पितळेची.

गुरुवारी सकाळी नागपूरहून बस पकडली. सिवनी, लखनादौन करत सहा-सात तास लागतात, रस्ता छान आहे, पेंचच्या जंगलात डोळे उघडे ठेवा. मला माकडं दिसली. खवासाला चहासाठी थांबलो तेव्हा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी चौकशी केली.

"जबलपुर किसलिए जा रही हैं?"

"सीटी सीखने."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इस उमर में?" म्हणाल्या आणि पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. पुढचा सगळा रस्ता मी हातवारे करून समजावून राहिले, की ते सीटी मारणं नाही, वाद्य आहे. त्यांनी झोपेचं सोंग घेतलं ते जबलपूरपर्यंत सोडलं नाही.

मामांनी दार उघडलं. समोरचे वरचे दोन्ही दात गायब. "नवे सोमवारी बशून राहिले," ते हसत म्हणाले. मधूनच 'स'चा 'श' होत होता. थंडीचे दिवस, त्यामुळे मामींसमोर मटारच्या शेंगांचा डोंगर. जबलपूरला जानेवारीत पाहुणे गेले की त्यांना आधी मटार सोलायला बसवतात. नंतर नाव विचारतात.

शुक्रवारी सकाळी शिकवणी सुरू झाली. मामा म्हणाले, "दादरा माहीत आहे ना? सहा मात्रा. तशीच चाल आहे, पण दादऱ्यासारखं डोलायचं नाही." मी पहिली ओळ वाजवली आणि लहानपणी पेटी शिकलेली बाई मी, शेवटी एक मुरकी घेतलीच.

"काहून मुरकी घेऊन राहिली तू?"

"छान वाटते ना मामा."

"हे पाहा सूनबाई, ही धून लोकाची लेक आहे. आपल्या घरी पाहुणी आली. तिच्या अंगावर तिचे दागिने आहेत, तेवढे पुरेत. आपले चढवायचे नाहीत." मग त्यांनी नियम सांगितले. आधी ऐकायचं, मग वाजवायचं. येत नसेल तर गप्प बसून चहा प्यायचा. धून कोणाकडून घेतली ते सांगायचं, आणि तिचं नाव माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, मनाने बारसं करायचं नाही. ही नुसती 'सरांची धून'.

मला ते पटलं. इतकं पटलं, की मी ठरवलं, आता आपलं डोकं चालवायचंच नाही, मामा करतील तस्सं करायचं. धुनेच्या मधोमध एक थांबा होता. तिथे मामा शिट्टी ओठांवरच ठेवून समोर डोळे वटारायचे, मग पुढे जायचे. मीही वटारले. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बारीकसं 'फुस्' यायचं, सायकलच्या चाकातून हवा जावी तसं. मला वाटलं, हाच तो खास आयरिश अलंकार! तासभर घासूनही मला तो येईना. रडू यायचं बाकी होतं.

संध्याकाळी मामींनी बडा फुहाऱ्याच्या बाजारात नेऊन खव्याची जिलबी खाऊ घातली. काळपट, जाड, गरम. दोन खाल्ल्या की जेवण विसरा. मी चार खाल्ल्या. तिथेच, पाक गिळताना, जीभ दातांमागे दाबली आणि तोंडातून निघालं, फुस्! "मामी, जमलं!" मी रस्त्यातच ओरडले. जिलबीवाले भैया म्हणाले, "गरम है दीदी, आराम से."

शनिवारी भेडाघाट. शहरापासून तासभर धरा, आणि बोट दुपारच्या आधी घ्या, उन्हात संगमरवर चमकतो. दोन्हीकडे पांढरे कडे, खाली हिरवी नर्मदा, आणि नावाडी यमक जुळवून जुळवून माहिती सांगतो. त्याला दम लागला तेव्हा मी शिट्टी काढली. थांबा आला, मी डोळे वटारले. समोरच्या काकांनी नदीत टाकायला काढलेलं वेफर्सचं रिकामं पाकीट घाईने परत खिशात घातलं. धून संपल्यावर नावाडी म्हणाला, "दीदी, बाजा लीक हो रहा है."

"वो अलंकार है," मी तोऱ्यात सांगितलं.

रविवारी परीक्षा. पलंगावर मामा, खाली मामी आणि मटार. मी डोळे मिटून सगळी धून वाजवली, थांब्यापुरते उघडून वटारले आणि प्रत्येक ओळीला मापात फुस् सोडलं. एकही सूर चुकला नाही. नितीन पैज हरला होता!

मामांनी माझी शिट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "हे फुस् कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की!"

मामींच्या हातातली शेंग खाली पडली. "अगं बाई, ते यांच्या दातांच्या फटीतून निघते!" आणि त्या अशा हसत सुटल्या की मटार घरंगळत सोफ्याखाली गेले. भैताड ती मी! दोन दिवस त्या फटीसमोर बसून शिकले, पण दोन अधिक दोन केलं नाही.

मामा मात्र हसले नाहीत. "दोन महिने झाले दात जाऊन. शरांची धून मी बिघडवून राहिलो, अन् मला ऐकूही आलं नाही." ते पितळी शिट्टी टॉवेलात गुंडाळू लागले. "सूनबाई, ही धून नको नेऊ. खोटी आहे."

पैज गेली चुलीत, पण या माणसाने साठ वर्षं जपलेली धून माझ्यापायी टॉवेलात चालली होती.

मामींनी पदराने डोळे पुसले. "अच्छा, आणि तो मधला थांबा? तो खरा आहे?"

"तो शरांचा आहे."

"सर काहून थांबायचे तिथे?"

मामा घुटमळले. "मागच्या बाकावर पोरं मश्ती करायची. शर वाजवता वाजवता थांबून डोळे वटारायचे."

"म्हणजे तोही धुनेत नव्हता!"

मग मामांच्या फटीतून आधी फुस् निघालं आणि मागून हसू. हसता हसता त्यांनी टॉवेल सोडला. "ने. पण कोणी विचारलं तर खरं सांगायचं. थांबा शरांचा, फुस् तांब्यांचं."

सोमवारी दुपारी घरी पोचले, दोन किलो मटार घेऊन. नितीनने धून ऐकली, थांब्याला दचकला आणि हार कबूल केली. आठवड्याने मामांचा फोन आला. नव्या दातांनी 'सर' स्वच्छ म्हणत होते. "फुस् येतच नाही गं आता. मामीला चुकल्यासारखं वाटून राहिलं. तू वाजव, ती ऐकते." मी फोनवर वाजवली. वाजवताना मला फार भरून आलं, ते इथे सांगून टाकते.

काय राहिलं या सहलीतून, तर एवढंच. बाकी जिलबी होती, ती कमरेवर राहिली.

परवा मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. शिट्टी झाली. हात गॅसच्या बटणाकडे गेला आणि लक्षात आलं, कुकर लावलेलाच नाही. आतल्या खोलीत ईशा सरांची धून वाजवत होती. पहिली ओळ, फुस्. दुसरी ओळ, फुस्. मग थांबा आला, आणि अगदी ठेक्यात तिचा आवाज आला, "गॅस नाही, मी आहे!" लगेच पुढची ओळ.

मी पिठाच्या हातांनी दारात गेले. "मध्येच काहून ओरडली?"

तिने डोळे वटारले. "आई, ते धुनेतच आहे."