मी पुसलेलं तोंड

निजामाच्या राजवटीत मी जिंतूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मुडदा आला की घरच्यांनी बघायच्या आत त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, ही माझी सवय. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच बरं वाटायचं.

एकदा झरीकडून बैलगाडीत एका शेतकऱ्याचं प्रेत आलं. लिंबाला लटकलेला सापडला होता. धाकटे भाऊ म्हणत होते, बायकोनं उशीनं दाबून मारलं आणि कुणाच्या तरी मदतीनं टांगलं. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी तिला चौकीत बसवलंच होतं. डॉक्टर यायच्या आत मी तोंड पुसलं, कपडे उतरवून गाठोडं बांधलं.

गळ्यावरचा वळ तिरपा, उजव्या कानामागं चढलेला. पण मेल्यावर टांगलं तरी असाच वळ पडू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. फास जिवंतपणी बसला असेल तर गाठीच्या उलट बाजूनं लाळ गळते. मेलेल्याला ती सुटत नाही.

"तोंड कुणी पुसलं का?"

"नाही साहेब."

त्यांनी लिहिलं, खात्रीनं सांगता येत नाही. त्या एका ओळीवर ती बाई अकरा दिवस झाले तरी कोठडीतच होती. मी गप्प राहिलो ते नोकरीच्या भीतीनं, दुसरं कारण नाही.

बाराव्या दिवशी तिच्या तापाचं औषध घेऊन गेलो. तिनं विचारलं, "त्यांचं तोंड कसं दिसायलं होतं? मला बघूच दिलं न्हाई."

मी तडक डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त गाठोडं मागितलं. त्यातल्या बंडीवर डाव्या बाजूला लाळेचा वाळलेला ओघळ होता, छातीवरून सरळ खाली.

"आडव्या माणसाची लाळ अशी उतरत नाही," ते म्हणाले. "जिवंत लटकला हा. स्वतःच."

परभणीच्या अदालतीत भावांच्या वकिलानं मला विचारलं, जिवंत माणसांचीही तोंडं पुसता काय? म्हणालो, दवाखान्यात तेच काम आहे, तुमचंही पुसीन. मुन्सफसुद्धा हसले. पुसल्याचं आधी का सांगितलं नाही, यावर मात्र मी 'विसरलो' म्हणालो. ते खोटं होतं. आज पहिल्यांदा लिहितोय.

ती सुटली. बाहेर दिरांनी गाडी जुंपून ठेवली होती. "वैनी, चला घरी," त्यांतला थोरला म्हणाला.

"तुमची गाडी मुडद्यांना ठेवा," ती म्हणाली. "मी पायी जाते. माझं शेत मला ठावं हाय."

आणि भर उन्हात, तिला न्यायला आलेल्या बापाच्या पुढं चार पावलं, ती झरीच्या वाटेला लागली. मी पायरीवर उभा राहून मोठ्यानं हसलो, कितीतरी दिवसांनी.