ग्लास संकल्पनेत बसत नाही

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी एका इको-रिसॉर्टमध्ये राहायला गेले होते, हे मी फारसं कुणाला सांगत नाही. मुलाला पुण्यात नोकरी लागली होती. त्याने हौसेने मला आणि माझ्या मायला दोन रात्रींची भेट दिली. 'निसर्गाच्या कुशीत' असं जाहिरातीवर होतं. एरवी मी नाही म्हणाले असते. पण घरी आठ-आठ दिवस नळ येत नव्हता, आंघोळीचं पाणी परातीत धरून संडासात टाकत होतो, आणि जाहिरातीत शॉवरचा फोटो होता. खोटं कशाला बोलू, मी त्या शॉवरसाठी गेले. तुझ्या गुडघ्यांना आराम मिळेल म्हणून मायला सोबत ओढलं.

रिसॉर्ट लोहा गावाच्या पलीकडे, माळावर. वाटेत एका गावाच्या टाकीपाशी घागरींची रांग लागलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भेगाळलेली काळी रानं, आणि फाटकातून आत शिरलं की एकदम हिरवळ. भर उन्हात तिच्यावर तुषार फिरत होते. मला तिथेच मळमळायला हवं होतं. मळमळलं नाही.

आमची पाण्याची बाटली वाटेतच संपली होती. रिकामी बाटली फाटकावर काढून घेतली, आत प्लास्टिक चालत नाही म्हणून. मग स्वागत. मॅनेजर पुण्याकडचा, अंगावर धोतर-बाराबंदी आणि पायात पांढरे बूट. त्याच्या शेजारी नऊवारी नेसवलेली एक बाई, हातात तांब्याची घागर.

"ग्लास धुण्यात पाणी फार वाया जातं, म्हणून आम्ही ओंजळीतच देतो," तो म्हणाला. "पूर्वी गावात असंच पाजायचे ना!"

मागे तुषार फिरतायत आणि याचं पाणी ग्लासात वाचतंय.

पण मी वाकले. ओंजळ धरली. बाईने वरून धार सोडली. वाळ्याचं गार पाणी होतं. मॅनेजरने फोटो काढला, तेव्हा मी मान तिरकी करून हसलेसुद्धा. ओठ पुसत मागे वळले तर मायने दोन्ही हात पदराखाली घेतलेले.

"मला तहान न्हाई," ती म्हणाली.

सकाळी नवाला निघालो होतो, बारा वाजून गेले होते. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लोकांनी छप्पन्न साली धम्म घेतला, पण ते गावच्या विहिरीला कळलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायच्या कामावर होती. तिथे बाकीच्यांना भांड्याने पाणी, आणि आमच्या बायांना वरून, ओंजळीत. भांड्याला हात लागू नये म्हणून. पाणी कोपरावरून ओघळायचं, चोळी भिजायची, आणि तहान भागायच्या आत पाजणारा पुढे सरकायचा. लातूर नवीन जिल्हा झाला, वडिलांची तिथल्या कचेरीत बदली झाली आणि आम्ही गाव सोडलं. त्या दिवसापासून मायने कुणाकडून वरून पाणी घेतलं नाही, आम्हालाही घेऊ दिलं नाही. हीच हकीकत मी कॉलेजात वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले होते. घसा दाटून वगैरे.

खोल्यांना वाड्यांची नावं होती. कुंभारवाडा, सुतारवाडा, माळीवाडा. आम्हाला माळीवाडा मिळाला. मायने पाट्या एकेक करून माझ्याकडून वाचून घेतल्या आणि मॅनेजरला विचारलं, "आमचा वाडा न्हाई ठिवला का रे बाबा?"

"बाकीचे सगळे फुल आहेत, आजी," तो म्हणाला.

खोलीत एसी. जमीन शेणाने सारवलेली आणि त्यावर वॉर्निश! शेण दिसायला हवं, वास मात्र यायला नको. इतकी गुळगुळीत घाण मी उभ्या जन्मात पाहिली नाही. कोपऱ्यात माठ, माठावर लांब दांड्याचं ओगराळं. ग्लास नाही, वाटी नाही, काही नाही. मी ओगराळं भरून मायपुढे धरलं.

"तोंड लावू त्याला? जनावर हाय का मी?"

ज्या शॉवरसाठी एवढा खटाटोप केला तो समोर होता. मी तशीच उलट पावली ऑफिसात गेले आणि एक ग्लास मागितला. मॅनेजर गोड हसला. "ग्लास आमच्या संकल्पनेत बसत नाही, मॅडम."

"म्हातारं माणूस तहानलंय."

"ओगराळ्याने ओंजळीत घ्यायला सांगा ना. आजींना मजा येईल."

त्या 'मजा'ची मला शिसारी आली. मी तोंडाला येईल ते बोलले. तो हसतच राहिला, कारण हसणंही संकल्पनेत असावं.

खोलीवर आले. माय पलंगावर डोळे मिटून पडली होती. गाडी परत बोलवायला मी फोन लावत होते, तेवढ्यात दार वाजलं. घागरवाली बाई. नऊवारीच्या ओच्यातून तिने स्टीलचा ग्लास काढला. मी ऑफिसात केलेला तमाशा तिने ऐकला असणार.

"कामवाल्यांच्या खोलीतला हाय," ती दारातूनच म्हणाली. "आमचा. घासून आणलाय. चालतो का तुमाला?"

दिवसभर परक्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारी ही बाई, आपला ग्लास आम्हाला चालेल का म्हणून उंबऱ्याबाहेर उभी होती.

माय उठून बसली. "चालतो काय, पळतो! आण इकडं."

तीन ग्लास पाणी ती बसून, सावकाश प्यायली. मग म्हणाली, "तुमी ग्लासानं पेता अन् पाव्हण्याला हातावर?"

बाई हसली. "सायबाचा हुकूम हाय, मावशी. न्हाई आयकलं तं काम जातं." ग्लास आमच्याकडेच ठेवून ती लगबगीने गेली.

ती गेल्यावर माझा ताबा सुटला. मॅनेजरला शिव्या घातल्या, रिसॉर्टवाल्याच्या सात पिढ्या काढल्या, आणि वर म्हणाले, "या बाईला तरी काही वाटायला पाहिजे होतं, अशी वरून धार सोडताना."

मायने ग्लास खाली ठेवला.

"ती पोटासाठी वरून घालती," ती म्हणाली. "तू कशापायी खाली वाकली?"

फोटो चांगला येईल म्हणून, असं तिला सांगायची माझी छाती झाली नाही.