शेवटचा डबा

आमच्या समोरच्या काकाजींइतकं छान उभं राहता येणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. झाडं सोडून सांगते. बाकीची माणसं उभी राहतात म्हणजे या पायावरून त्या पायावर जातात, मान खाजवतात, खिसे चाचपतात. काकाजी उभे राहिले की वारासुद्धा त्यांना वळसा घालून जातो असं वाटतं. एकदा त्यांच्या खांद्यावर चिमणी येऊन बसली आणि पंख साफ करून उडून गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी सांगितलं तर कोणी मानलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. वहीला माझ्यावर हसता येत नाही.

काकाजींनी सगळी नोकरी दरेकशाकडच्या जंगलात, रेल्वेच्या फाटकावर काढली. फाटकाशेजारची एक खोली, एक शिंदीचं झाड आणि रोजच्या ठरलेल्या गाड्या, एवढंच त्यांचं जग होतं. आता तिथं फाटकही नाही, रुळाखालून रस्ता काढला आहे. काकाजी गोंदियाजवळ कुडव्याला मुलाने बांधलेल्या घरात राहतात आणि मी दोन वेळा त्यांचा स्वयंपाक करते. पण फाटक त्यांच्यातून गेलेलं नाही. गल्लीतून मोटारसायकल आली की ते आपोआप हात आडवा करतात, दोन्ही बाजू पाहतात आणि मगच जाऊ देतात. पोरं मुद्दाम थांबतात. काही तर 'काकाजी, लाइन क्लिअर आहे का?' असं विचारून जातात, आणि काकाजी अगदी गंभीरपणे सांगतात, 'थांब, अजून पूर्ण क्लिअर नाही.'

काकी गेल्यावर काकाजी न्हाणीघरात एकदा घसरले, आणि पुण्याला संगणकात काम करणाऱ्या त्यांच्या मुलाने सगळं घर यंत्रांनी भरून टाकलं. दिवे आपोआप लागतात. दारावर कॅमेरा आहे. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक लहानसा डोळा बसवला आहे, आणि पलंग सोडून दुसरीकडे कुठे माणूस पाव तास हलला नाही तर तो डोळा थेट पुण्याला कळवतो. ओसरीवर एक बोलणारा डबा आहे, बाईच्या आवाजात हिंदी बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने मला 'नमस्ते' म्हटलं तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला. बाईचा आवाज असला तरी परकाच ना. अजूनही त्या डब्यासमोर मी पदर सावरूनच जाते.

काकाजींची मात्र डब्यातल्या त्या बाईशी लगेच गट्टी जमली. फाटकावर असताना स्टेशन मास्तर फोनवर सांगायचे, गाडी सुटली, फाटक बंद कर. मग तेच शब्द परत म्हणून दाखवायचे, खात्रीसाठी एकमेकांना नंबर द्यायचा आणि वहीत लिहायचं, असा नियम होता. तो नियम त्यांनी डब्याला लावला. डबा म्हणायचा, 'दवाई का समय हो गया है।' काकाजी उभे राहून म्हणायचे, 'दवाई का समय हो गया है, आठ दहा, समझा। नंबर दो।' डबा म्हणायचा, 'माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई।' काकाजी वहीत वेळ लिहायचे, नंबराची जागा कोरी ठेवायचे आणि मला हळूच सांगायचे, 'नवीन आहे बिचारी. बोलू नको तिले काही. शिकंल.' दोन वर्षं झाली, ती अजून शिकून राहिली आहे. तिला ते मास्तरीणबाई म्हणतात आणि सकाळी चहा घ्यायच्या आधी तिला विचारतात, 'तुमचा झाला का?'

भिंतीवरच्या डोळ्यांशी मात्र वाकडं आलं. त्या प्रत्येक डोळ्यात एक बारीक लाल दिवा आहे. एक दिवस मी भाजी फोडणीला टाकून बघते तर काकाजी स्वयंपाकघराच्या दारात थांबलेले, आत येत नाहीत. 'काऊन थांबले?' मी विचारलं. त्यांनी हनुवटीने वर दाखवलं. 'लाल आहे.' थट्टा करत होते हे मला कळत होतं, पण ती पूर्ण थट्टाही नव्हती. लाल दिवा ओलांडून जाणं त्यांच्या पायांना जमतच नव्हतं. ते तिथंच उभे राहिले, पाव तास झाला आणि पुण्याहून फोन आला. त्याच दुपारी मी माझ्या पाकिटातल्या हिरव्या टिकल्या काढल्या आणि स्टुलावर चढून घरातल्या सगळ्या लाल दिव्यांवर एक एक चिकटवली. काकाजींनी खालून प्रत्येकीकडे पाहिलं आणि म्हणाले, 'आता कसं. आता घर चालू झालं.'

पण खरी गोष्ट संध्याकाळची होती. सहाच्या सुमारास गोंदियाहून पॅसेंजर सुटते, तिची शिट्टी कुडव्यापर्यंत येते. शिट्टी ऐकली की काकाजी घड्याळाकडे बघत बसायचे. गाडी दरेकशाकडे पोचायची वेळ झाली की उठायचे, काखेत गुंडाळलेला हिरवा झेंडा धरायचे, ओसरीच्या काठावर उभे राहायचे आणि समोर पाहायचे. समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे. तिथून त्यांच्यासाठी आधी मालगाडी जायची, मग पॅसेंजर. वीस मिनिटं. डोळ्याची पापणी तेवढी हलायची. मग ते हाताने हवेतलं चाक फिरवून फाटक उघडायचे आणि जेवायला यायचे.

मी एकदा विचारलं होतं, गाडी गेली की लगेच फाटक उघडता येत नाही का. ते म्हणाले, 'गाडी गेली म्हणजे गेली असं नसते, बाई. मंधातून तुटली असंल आणि अर्धी मागं राहिली असंल तर? शेवटचा डबा पाहायचा. त्याच्या मागचा लाल दिवा पाहायचा. मंग उघडायचं.'

हे यंत्राला कोण सांगणार. ओसरीवर डोळा मागाहून बसवला, त्याने पहिल्याच संध्याकाळी पुण्याला कळवलं, पुण्याने शेजाऱ्यांना कळवलं, आणि चार माणसं धावत आली तेव्हा काकाजी उभेच. शेवटचा डबा जायचा होता, त्यामुळे त्यांनी उत्तरही दिलं नाही. मुलगा फोनवर रडवेला झाला. म्हणाला, 'बाबा, पुन्हा असं झालं तर मी घर बंद करून तुम्हाला पुण्याला नेणार.' काकाजींनी नियमाप्रमाणे तेच शब्द परत म्हणून दाखवले. 'पुन्हा झालं तर घर बंद. समझा.' फक्त नंबर मागितला नाही.

त्यानंतर मी त्यांना म्हटलं की उभं राहा, पण मधूनमधून झेंडा तरी हलवा, म्हणजे डोळ्याला दिसेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पीठ मळताना परात सोडून देवघरात चप्पल घालून गेले आहे. 'कायले हालवू? झेंडा हालवला तर ड्रायवरले दुसरंच सांगणं होते.' तीन दिवस ते गाडीच्या वेळी पलंगावर जाऊन पडले, कारण पलंगावर डोळा काही बोलत नाही. तीन दिवस ते नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी शिट्टी झाली, वेळ झाली आणि ते उठले. मी अडवलं नाही.

डोळ्याने पुन्हा पुण्याला कळवलंच, आणि दोन दिवसांनी मुलगा आला. रिकामी बॅग घेऊन आला आणि तिच्यात वडिलांचे कपडे भरू लागला.  काकाजींनी स्वयंपाकघरात येऊन झेंडा माझ्यापुढे धरला. 'चार्ज घे,' म्हणाले.

मी फारशी बोलत नाही. चौथीत असताना बाईंनी कविता म्हणायला उभं केलं तर मी रडले होते, आणि तेव्हापासून चार माणसांत तोंड उघडलं नाही. पण हातात झेंडा होता. मी दारात जाऊन दुसऱ्या हातातल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत म्हटलं, 'भाऊ, ते पडत नाहीत. ते गाडी पाहतात.' मग सगळं सांगितलं. टिकल्यांचंही सांगितलं. मुलगा कपड्यांची घडी हातात धरून ऐकत राहिला. शेवटी मी म्हटलं, 'आज संध्याकाळ थांबून पाहा. मंग न्या.'

संध्याकाळी शिट्टी झाली, गाडीची वेळ झाली. मी झेंडा काकाजींना परत दिला. ते उभे राहिले, आणि थोड्या वेळाने मुलगा त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, जरा मागे, जणू ती जागा त्याला ठाऊक होती. मी दारात, हातात झारा. टाकीवर ऊन मावळत होतं. तिघांपैकी कोणी हललं नाही. पाव तास झाला तसा मुलाच्याच खिशातला फोन थरथरू लागला. त्याने तो काढला नाही. मास्तरीणबाई बोलल्या, 'घर में कोई हलचल नहीं है। क्या आप ठीक हैं?' 

मग काकाजींनी चाक फिरवलं.

'लाल दिवा होता?' मुलाने विचारलं.

'होता,' काकाजी म्हणाले. आणि मग, 'तू लहानपणी फाटकावर हालत जायचा. मले डोक्यावर हात ठेवा लागे.'

बॅग पुण्याला परत गेली ती मोहफुलांनी आणि लोणच्याने भरून. ओसरीवरचा डोळा मुलाने बंद केला नाही. रोज संध्याकाळी तो पुण्याला कळवतो की घरात कोणी हलत नाही, आणि तिकडे मुलगा ते वाचून निवांत जेवायला बसतो.

मागच्या आठवड्यात काकाजींना ताप आला. शिट्टी झाली, वेळ झाली, ते पलंगावरच होते. मी खिचडी उतरवत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. मी सहसा उचलत नाही. मुलगा होता. 'ताई,' तो म्हणाला, 'आज काही आलं नाही.' मी सांगितलं की ताप आहे, डॉक्टर येऊन गेले, गोळी दिली आहे, काळजीचं नाही.  तरी तो फोन ठेवत नव्हता. मग माझ्या तोंडून निघालं, 'गाडी लेट आहे, भाऊ. आता येऊन राहिली.'

मी गॅस बंद केला, खुंटीवरचा झेंडा घेतला आणि ओसरीच्या काठावर जाऊन उभी राहिले. समोर टाकी होती, दोन साड्या वाळत होत्या. पायावर मुंगी चढली तरी मी हलले नाही. हळूहळू साड्यांच्या पलीकडे अंधार जंगलासारखा दाट झाला आणि कुठूनतरी रुळांचा आवाज आल्यासारखं वाटलं, पाणी उकळायच्या आधी भांडं वाजतं तसा. खूप वेळ चालला. मास्तरीणबाईंनी विचारलं, 'क्या आप ठीक हैं?' माझा पदर खांद्यावर होता, तसाच राहू दिला.

आतून काकाजींचा बारीक आवाज आला. 'शेवटचा डबा पाहिला का, बाई?'

मी जरा थांबले, नीट पाहिलं, आणि मगच हो म्हटलं.