कॉलरचं टोक

थोरलीने शिवलेल्या कॉलरचं टोक बोटाला टोचत असे. शाळेत सिस्टरांनी मला चार वर्षं शिवण शिकवली, पण माझ्या कॉलरी कायम कान पाडलेल्या. म्हणून एकदा मी तिला विचारलंच, तेव्हा ती हसली. म्हणाली, "आजी, त्यात जादू कसली? एक दोरा आहे फक्त."

थोरली माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. सासू, नवरा, मुलगी, शिवाय धाकटा दीर आणि त्याची बायको. ही बायको म्हणजे धाकटी. दोघी जावा शर्टांच्या कारखान्यात एकाच लाइनीत, शेजारशेजारच्या मशीनवर कॉलर शिवत. बाकीच्या बायका कॉलर उलटली की कात्रीच्या टोकाने कोपरा उकरून बाहेर काढत. थोरली कोपऱ्याशी आली की कापडाच्या दोन पदरांमध्ये एक जाड दोरा ठेवी, त्यावर एक टाका घेई आणि कॉलर उलटल्यावर तो दोरा ओढी. टोक टपकन बाहेर. कात्रीला हात लावायला नको.

ही युक्ती तिने एकट्या धाकटीला शिकवली, तीही माझ्या व्हरांड्यात बसून. एका आठवड्यात माझ्या चार उशांच्या अभ्र्यांचे कोपरे त्यात कामी आले. धाकटी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती. टोक चुकलं की थोरली तिच्या हातावर हलकी चापट मारी आणि म्हणे, "अगं, दोरा ओढायचाय, जावेचा जीव नाही!"

लाइनीतल्या बायकांची एक रीत होती. प्रत्येकीच्या हातात असं काहीतरी राखून ठेवलेलं असे आणि त्यातून वाचलेली मिनिटं तिची स्वतःची असत. थोरली त्या मिनिटांत पाठ सरळ करी, पाणी पिऊन येई आणि समोरच्या बटणवालीच्या चार कॉलरी शिवून देई. बटणवाली पूर्वी बटणं लावायची. मनगट दुखायला लागल्यावर कॉलरीला आली, नाव मात्र तेच राहिलं. अकरा वर्षांची मैत्री. आणि दुसरी रीत अशी, की घड्याळ घेऊन हाताचा वेग मोजणारा माणूस मागे उभा राहिला की सगळ्यांनी सावकाश शिवायचं. तो आत शिरला की दाराजवळची बाई खोकायची. कारण त्याच्या घड्याळात एकीचा जो वेग सापडे, तो दुसऱ्या दिवशी साऱ्यांच्या गळ्यात पडे. ही शपथ बायकांनी थोरलीच्या पुढाकाराने घेतली होती.

तीन वर्षांपूर्वी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, घड्याळवाल्याने एकेकीला नमुन्याचे शर्ट शिवायच्या खोलीत बोलावलं. दार लावून. तिथे खोकायला कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी धाकटी माझ्याकडे इस्त्री मागायला आली आणि इस्त्री न घेता बसून राहिली.

"आजी, एक सांगू? कुणाला बोलू नका. मी आज दोरा दाखवला."

"थोरलीला विचारलंस?"

"ती नाहीच म्हणाली असती. साहेब म्हणाले, जी जास्त काढेल तिला सुपरवायझर करू. मी काय जन्मभर मान मोडून शिवत बसू? लिहिता-वाचता येतं मला."

मी म्हणाले, "तुमचं घरातलं तुम्ही बघा." तारीख घालून सगळं वहीत लिहिलं आणि गप्प राहिले. मागच्या खोल्यांत भांडण पेटलं की पुढच्या खोलीत झोप लागत नाही, एवढाच माझा विचार होता.

पंधरा दिवसांत प्रत्येक मशीनच्या वर दोऱ्याचं चित्र चिकटवलं गेलं. तासाला पन्नास कॉलरींच्या जागी सत्तर. पगारही वाढला, सगळ्यांचा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे. महिन्याभरात धाकटी सुपरवायझर झाली. पुढे सासूच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, फ्रिज आला, थोरलीची मुलगी चांगल्या शाळेत गेली. पैसा आल्याने दुःख येतं, असं मी कधीच म्हणणार नाही. सासू आता मला लांबून ओळखते.

पण थोरलीची ती मिनिटं गेली. बायका पूर्वी मागच्या जिन्यावर डबे उघडून बसत आणि एकमेकींच्या डब्यात हात घालत. आता दहा मिनिटांत घास कोंबून परत मशीनवर. आणि हात घालणंही थांबलं, निदान थोरलीच्या डब्यात तरी. दोरा थोरलीचा, सुपरवायझर तिची जाऊ. बायकांना आणखी काय पुरावा हवा?

"शपथ आम्हाला घालायची," बटणवाली जिन्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "आणि जावेला वर चढवायला दोरा स्वतः विकायचा. वा गं थोरले!"

थोरली डबा बंद करून मशीनकडे गेली. जावेचं नाव बाहेर घ्यायचं तर जावेनेच घ्यावं, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी कपडे वाळत घालताना ती धाकटीला म्हणाली, ते मी खिडकीतून ऐकलं.

"एवढं एक वाक्य सांग त्यांना. मी दाखवला, ताईने नाही. बस."

"सांगते हो ताई. सोमवारी सांगते."

असे किती सोमवार गेले! पुढे पुढे धाकटी चिडू लागली. "कुणी दाखवला, त्याने आता काय फरक पडतो? पगार सगळ्यांचाच वाढला ना? आणि मी सांगितलं तर त्या माझं ऐकतील का लाइनीत? तुम्हीही फ्रिज उघडताच की!"

"उघडते," थोरली म्हणाली. "आत गार पाणी असतं. माझी बटणवाली नसते."

गेल्या महिन्यात एका रविवारी पाहणीवाली मुलगी आली. लोकांचं कसं चाललंय, उत्पन्न किती, सुखी आहेत का, असले प्रश्न. गल्लीत टेबल माझ्याच व्हरांड्यात, म्हणून ती तिथे बसली आणि बायकांना एकेक करून बोलावू लागली. थोरली खुर्चीत होती. पुढचा नंबर बटणवालीचा, तीही याच गल्लीतली; ती बाकावर, तोंड फिरवून. धाकटी दारात उभी, मी माझ्या आरामखुर्चीत.

मुलीने दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र पुढे केलं. "सगळ्यात वर उत्तम आयुष्य, सगळ्यात खाली वाईट. तुम्ही कुठे आहात?"

थोरलीने बराच वेळ चित्र पाहिलं. "हिच्यावर बाकीची माणसं कुठे आहेत?"

"बाकीची नाहीत, काकू. फक्त तुमचं सांगायचं."

"मग वरची सांगितली काय नि खालची काय! चार लिहा."

"बरं. अडचणीत विसंबून राहता येईल असं कुणी आहे तुम्हाला?"

"आहे की!" धाकटी दारातून म्हणाली. "मी आहे ना. लिहा."

थोरली खुर्चीत वळली. आवाज चढवला नाही. "मग सांग. बटणवाली इथेच बसलीय. नमुन्याच्या खोलीत दोरा कुणी दाखवला?"

बटणवालीने मान वळवली. धाकटीने एकदा बटणवालीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उद्या सकाळी याच बाईच्या मागे तिला उभं राहायचं होतं.

"ताई, आता माझ्यावर कशाला ढकलता?" ती म्हणाली. "मी तेव्हाच नको म्हणत होते तुम्हाला."

थोरली तिच्यावर ओरडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. इस्त्री न घेता कोण बसलं होतं, कोणत्या वारी, किती वाजता, सगळं माहीत होतं. दोघींची सासू आत झोपली होती. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हणाले, "पाहुणी मुलगी बसलीय, आत्ता हे कशाला?"

हेच म्हणाले. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला यापेक्षा बरं काही सुचलं नाही.

बटणवाली उठली. पायरीवर थोडी थांबली, बहुतेक कुणी आणखी काही बोलेल म्हणून.

"कुणी आहे का, काकू?" मुलीने पुन्हा विचारलं. तिला बिचारीला रकाना भरायचा होता.

"नाही असं लिहा," थोरली म्हणाली.

"आणि गेल्या तीन वर्षांत घरचं उत्पन्न वाढलं?"

"वाढलं. दुप्पट झालं. तेही लिहा."

मुलीने दोन्ही लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. बाक रिकामा होता.