गाळणीबाईंचा शेरा

शाळेच्या ग्रंथालयात एकवीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे पाठीमागे गाळणीबाई म्हणत. वार्षिक कार्यक्रमातलं प्रत्येक सिनेमागीत आधी त्यांच्या हाताखालून जायचं. ‘मिठी’ची त्या ‘चिठी’ करत. एका वर्षी त्यांनी ‘ओठांवर’चं ‘ओट्यावर’ केलं, तर पोरांनी हातात झारे-कलथे घेऊन नाच बसवला. बाई तेव्हाही हसल्या नव्हत्या.

म्हणून शाळेत चाळीस वर्षांपूर्वीचा एक नाचगाण्यांचा सिनेमा दाखवायचं निघालं, तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्याची डीव्हीडी बाईंपुढेच ठेवली.

“नववी-दहावीची मुलं घरच्यांना घेऊन येणार. एका रांगेत बसून बघवेल का, तेवढं सांगा. शुक्रवारपर्यंत शेरा द्या. तुम्ही नाही म्हणालात, तर नाही.”

घरी पंधरा वर्षांच्या धाकट्या लेकीने हे ऐकलं.

“घरच्यांसाठी आहे ना? मग मी ताईला बोलावते.”

थोरली आठ महिन्यांपूर्वी एका ड्रमवाल्याबरोबर निघून गेली होती. तिचा फोन आला की बाई तो वाजू देत. या आठ महिन्यांत त्यांना रडू आलं नव्हतं, रागही आला नव्हता. दात काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं त्यांचं अंगभर झालं होतं. आता ‘अयोग्य’ असा एक शब्द लिहिला, की सिनेमाही टळणार होता आणि थोरलीही.

गुरुवारी दोघी सिनेमा बघायला बसल्या. बाईंच्या हातात पेन्सिल. सिगारेट चार ठिकाणी. छत्रीमागे एक चुंबन. एका गाण्यात नायक नायिकेच्या सायकलीपुढे आडवा होऊन गात होता.

“ती नको म्हणतेय आणि हा गातोच आहे,” धाकटी म्हणाली. “आमच्या वर्गातल्या पोरींनी याला सायकलीसकट सरळ केला असता.”

“काढायला सांगू?”

“कशाला? आम्हाला काय कळत नाही? उलट बघू दे बाबालोकांना, त्यांच्या वेळी काय चालायचं ते.”

शेवटी घर सोडून गेलेली नायिका परत आली. आईने दार उघडलं, चार ओळी गायल्या, आणि अख्खी गल्ली नाचायला लागली.

“एवढ्यात मिटलं?”

“गाण्यात बसवावं लागतं.”

“तू नाचली असतीस?”

“गुडघे दुखतात माझे.”

धाकटी खो खो हसली. बाईंनी तो प्रसंग मागे घेऊन पुन्हा लावला. दार वाजल्यापासून उघडेपर्यंत आई तीनदा कडीला हात लावून मागे घेत होती. ते त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं नव्हतं. शेऱ्याच्या कागदावर यासाठी रकाना नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्यांनी शेरा लिहिला: ‘योग्य. काहीही कापू नये. सायकलीच्या गाण्यानंतर सिनेमा थांबवून मुलांशी बोलावं.’ घडी घालून कागद पर्समध्ये ठेवला.

दप्तर पाठीला लावून धाकटी दारात थांबली होती.

“ताईला काय सांगू?”

“सहाला सुरू होतं म्हणावं. सहा म्हणजे सहा. उशीर करायची खोड आहे तिला.”

“तू बोलशील तिच्याशी?”

बाई चपलेचा पट्टा लावत होत्या. तो लागला तशा त्या उठल्या.

“आधी येऊ दे,” त्या म्हणाल्या.