नळाला बांधलेली तार

गेल्या मे महिन्यात आई गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या उलटायला गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. बायको बघायला गेली, तर आई टाकीच्या सावलीत बसलेली. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, आणि सुनेलाच आपली बहीण समजून काहीतरी बोलत होती. तीन दिवस दवाखान्यात काढले. सुटी देताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वयात पुन्हा ऊन लागलं तर मी काही सांगू शकत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत यांची खोली थंड करून घ्या."

मी मान हलवली आणि विसरलो. आमच्या वाशीमला दिवाळीपासून होळीपर्यंत पंखासुद्धा लागत नाही, म्हणून तर आम्ही सगळे असे गाफील राहतो. दोन महिन्यांचा तर प्रश्न, निभावून नेऊ, असं दरवर्षी म्हणायचं आणि दरवर्षी एप्रिलमध्ये धावपळ करायची. यंदा मार्च संपतानाच पारा चढला तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. आईची खोली पश्चिमेला. दुपारी तीननंतर तिच्या खोलीच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

एसी घ्यायचा की कूलर, यावर घरात आठवडाभर वाद झाला. मला एसी हवा होता, कारण एकदा पैसे टाकले की डोक्याची कटकट संपते असा माझा स्वभाव. आई म्हणाली, "बंद खोलीत मले गुदमरते. अन् हाडं दुखतात त्या गारव्यानं." बायकोने मात्र नेमका मुद्दा काढला. आमच्याकडे भर दुपारी लाइन जाते, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, कूलर चालतो. शिवाय इथली हवा कोरडी, मृग लागेपर्यंत कूलर उत्तम काम करतो. मी चिडलो, पण ऐकलं. खिडकीत बाहेरून मोठा लोखंडी कूलर बसवायचा आणि समोरच्या भिंतीला वरच्या बाजूला झरोका पाडायचा, असं ठरलं.

आता बसवणार कोण, यावर घोडं अडलं.

बाजारातल्या एका दुकानदाराने एक म्हातारा मिस्तरी पाठवला. तो आला आणि खिडकीकडे बघितलंच नाही. सरळ मीटरच्या बोर्डासमोर जाऊन उभा राहिला. तिथून घराला वळसा घालून मागे आला आणि मला विचारलं, "अर्थिंग कुठी हाय?"

"असेल की. घर बांधलं तेव्हा केली असेल."

"नाई हाय. अंगनात खड्डा खना लागते, कोळसा-मीठ टाकून पट्टी गाडा लागते. दोन दिवस लागतीन. तोवर मी कूलर जोडत नाई. लोखंडाचा डब्बा, त्यात पानी, अन् बाजूले म्हातारं मानूस. मले ते पाप नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, हा काम वाढवतोय. कूलर सांगितला तर हा अंगण खणायला निघाला. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तो सायकलवर बसून गेला.

त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा फोन आला. ते शेलूबाजारला असतात, मोटारी आणि घरांची वायरिंग हेच त्यांचं काम. बायकोने माझ्या बहिणीला सहज सांगितलं असणार. भाऊजी म्हणाले, "घरचा मानूस असून बाहेरच्याले काहून बोलावता? मी रविवारी येतो."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. म्हाताऱ्याला नाही म्हणायला कारण मिळालं.

भाऊजी माणूस चांगला, कामसू, हातचं राखून न वागणारा. पण ते आमचे जावई आहेत, आणि जावई घरात कामाला आला की पंचाईत होते. मिस्तरीच्या डोक्यावर उभं राहता येतं, जावयाच्या नाही. त्यांना आधी चहा, मग जेवण, जेवणात पुरणपोळी. लग्नाला बारा वर्षं झाली तरी आई त्यांच्याशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन दारामागे उभी राहते आणि मला सांगते, "त्यायले इचार, तूप वाढू का?" भाऊजींनी तीन तासांत कूलर बसवला. अर्थिंगचं मी भीत भीतच विचारलं. ते हसले. "त्याले खड्डा कायले पायजे? न्हाणीतल्या नळाले तार बांधली का झालं. नळ जमिनीतच जाते ना?" आईच्या खोलीला लागून तिची छोटी न्हाणी आहे. तिथल्या लोखंडी नळाला त्यांनी कूलरच्या पत्र्यापासून आणलेली हिरवी तार पक्की गुंडाळली. मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

खोली गार झाली. आई दुपारी झोपू लागली. बहिणीला फोनवर तिने दोनदा सांगितलं की जावयानं माझा उन्हाळा सोपा केला.

पंधरा-वीस दिवसांनी मी जेवत असताना आई म्हणाली, "न्हाणीतला नळ हाताले झिनझिन करते रे."

मी ताटातून वर न बघता म्हणालो, "तुझ्या हाताला मुंग्या येतात. वयाने होतं तसं."

मी आणि बायको सकाळी दुसऱ्या न्हाणीत आंघोळ उरकून कामाला जातो, तेव्हा कूलर बंदच असतो. दुपारी कूलर चालू असताना तो नळ फक्त आई उघडायची. दोन-तीन दिवसांनी सुटीच्या दिवशी मला दिसलं की ती हाताला पदर गुंडाळून नळ फिरवते आहे. आत पाल चुकचुकली. पण मनात लगेच भाऊजींचा चेहरा आला. त्यांना फोन करून काय सांगायचं, तुमच्या कामात खोट आहे? बहिणीला सासरी ते ऐकावं लागेल. बघू, असं मी मनाशी म्हणालो आणि पेपर उचलला. या 'बघू'ची मला आजही लाज वाटते.

पुढच्या मंगळवारी दुपारी आम्ही दोघं जेवायला घरी आलो, तर कूलर चालू आणि न्हाणीतून पाणी वाहत खोलीत आलेलं. आई न्हाणीच्या उंबऱ्यात आडवी पडली होती. अर्धं अंग ओल्या फरशीवर, एक हात अजून नळाच्या खाली. मी "आई" म्हणून धावलो आणि वाकणार, एवढ्यात बायको मागून किंचाळली, "हात नका लावू! आधी मेन!"

ती बोर्डाकडे पळाली. मी दोन पावलांवर थांबलो होतो, आणि माझी आई समोर पडलेली असताना तिला हात लावायचा नाही, हे माझ्या अंगाला कळत नव्हतं. खटका पडल्याचा आवाज आला. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. मग मी तिला उचललं. ती श्वास घेत होती. डोळे उघडे होते, पण उजवा हात लाकडासारखा ताठ.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रात्रभर ठेवून घेतलं. हृदय ठीक होतं. कोपर सुजलं होतं, बोटांत जीव हळूहळू येत होता. डॉक्टरांनी मला काही सुनावलं नाही, त्यामुळे मलाच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आईला घरी आणलं आणि मी बाजारात जाऊन त्या म्हाताऱ्या मिस्तरीला गाठलं. मान खाली घालून सगळं सांगितलं. तो लगेच निघाला. त्याने नळाजवळची भिंत थोडी फोडली आणि मला बोलावलं. वीतभर लोखंडी पाइप, आणि पुढे पांढरा प्लास्टिकचा. दोन वर्षांपूर्वी गळती लागली तेव्हा जमिनीतला सगळा पाइप मीच बदलून घेतला होता.

"कूलरची मोटर आतून लीक हाय," तो म्हणाला. "करंट तारेनं नळात आला, अन् पुढं जमिनीत जायले रस्ताच नाई. मंग जो नळ धरीन त्याच्यातून जाईन." मग तो पलंगावर पडलेल्या आईकडे वळला. "काकू, झिनझिन कवापासून होती?"

"कालच झाली," आई म्हणाली.

"कालच नाही," मी म्हणालो. "हिने मला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं."

आई माझ्यावर एकदम उखडली. "कायले सांगतं लोकाइले? जवायाचं नाव खराब झालं तं माह्या पोरीले भोगा लागते तिथी. मी म्हनून चूप बसली. मी आज हावो, उद्या नाई."

म्हणजे त्या मुंग्या नव्हेत हे तिलाही माहीत होतं. जावयाच्या नावासाठी ती रोज पदर गुंडाळून तो नळ उघडत होती. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्यासमोरच फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि भाऊजींना सगळं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे कूलरची घरघर ऐकू येत होती. भाऊजींनी आधी विचारलं, "आई बऱ्या हाय ना?" आणि मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरी बी नळालेच बांधली हाय तार. अन् मांगच्या महिन्यात गावात नवी लाइन आली, तवा पाइप प्लास्टिकचा टाकला."

"तुमच्या घरच्या ताई कुठी हाय?" मिस्तरीने माझ्या खांद्यावरून विचारलं.

"अंगनात. नळावर भांडे घासून राह्यली."

मी तोंड उघडायच्या आत आईने सुजलेल्या हाताने फोन माझ्याकडून हिसकून घेतला. डोक्यावरचा पदर केव्हाच खाली पडला होता. "जवाईबापू," ती ओरडली, "बोलत काय बसले? मेन पाडा आधी! पोरीले नळावरून उठवा!"

फोन तिकडे कुठेतरी आपटला. धावत जाणाऱ्या चपलांचा आवाज आला. मी, बायको आणि मिस्तरी पलंगाजवळ उभे होतो, आणि आईने उठून बसून फोन दोन्ही हातांनी कानाला दाबून धरला होता. मग पलीकडची घरघर थांबली, आणि लांबून माझ्या बहिणीचा आवाज आला, "काहून हो? लाइन गेली का?"