रिकाम्या खुर्चीतला थोरला

मी पालघरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि अधूनमधून बोईसरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात बसतो. कॉलेजातली पोरं माझं ऐकत नाहीत, केंद्रातली माणसं निदान ऐकल्यासारखं करतात. तिथे कारखान्यांतले कामगार येतात, किनाऱ्यावरचे मच्छीमार येतात. सगळ्यांना मी एक साधा प्रयोग करायला लावतो. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, तिच्यात आपली दारू बसली आहे असं धरायचं आणि तिला काय सुनवायचं ते सुनवायचं. मग उठून त्याच खुर्चीत बसायचं आणि दारूच्या वतीने उत्तर द्यायचं. सुरुवातीला सगळे हसतात. थोड्या वेळाने कोणी हसत नाही.

सातपाटीचा एक तरुण खलाशी मात्र त्या खुर्चीला "दादा" म्हणाला. त्याचा थोरला भाऊ वादळात होडीवरून समुद्रात पडून गेला होता, प्रेत मिळालं नव्हतं आणि तेव्हापासून हा पीत होता. खुर्ची बदलून तो उत्तर द्यायला बसला तेव्हा त्याचा आवाज जाड झाला, बसण्याची ढबसुद्धा बदलली. माझ्या अंगावर काटा आला, पण मी खूशही झालो. आत साचलेलं दुःख बाहेर आलं की दारू सुटायला मदत होते, हे मी वर्गात घसा कोरडा करून सांगत असतो. याची सुटलीसुद्धा. डॉक्टरांनी त्याला बजावलंच होतं, यकृत संपत आलंय, पुन्हा प्यायलास तर वाचणार नाहीस.

काही महिन्यांनी तो एकटाच मला भेटायला आला. गाल भरले होते, पण नजर ठिकाणावर नव्हती. केंद्रातला प्रयोग त्याने घरी आईला करून दाखवला होता. आता ती रोज दुपारी जेवणं झाली की खुर्ची मांडायची आणि म्हणायची, बोलव त्याला.

"सर, मीच बोलतो हो. तिला वाटतं तो येतो. मला आता सहन नाय होत. परत प्यावंसं वाटतं."

"मग खरं सांगून टाक."

"तुमी चला संगती."

गेलो. दारापुढे बांबूंवर बोंबील वाळत होते. आत भिंतीशी प्लास्टिकची लाल खुर्ची मांडलेली होती. आईने मला बसायला चटई टाकली. पाहुण्याला खुर्ची न देणारं घर मी सातपाटीत दुसरं पाहिलं नाही. त्या खुर्चीकडे बघायचं मी टाळतोय, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

मुलाने मान खाली घालून सांगितलं, "आय, तो येत नाय. मीच बोलतो."

ती रडेल, ओरडेल म्हणून मी सावरून बसलो. ती सुके बोंबील निवडत होती, ते तसंच चालू राहिलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पयल्या दिवशीच कळलं. पन तू पीत नव्हतास ना, म्हनून मी मांडत ऱ्हायले."

मला एकदम हायसं वाटलं. दोघं एकमेकांसाठी नाटक करत होती, एवढंच. मी उठायच्या बेतात होतो.

"पन परवा तू मला वयनी बोललास," ती म्हणाली. "थोरला बोबडं बोलायचा तवा दिरांचं ऐकून मला वयनी बोलायचा. शाळेत गेला नि सोडलं. तू तवा जन्मला पन नव्हतास. तुला कोनी सांगितलं?"

"मी वयनी बोललो?" त्याला काहीच आठवत नव्हतं.

कुणाच्या तरी तोंडून कधी ऐकलं असेल, असं मी मनाशी म्हणालो. मलाच पटेना. तो उठून चपला शोधायला लागला होता आणि इथून तो थेट दारूच्या गुत्त्यावर जाईल हे मला पक्कं ठाऊक होतं. मी घाबरलो.

"सर, दारू सोडल्यावर असं होतं का?"

"होतं," मी लगेच म्हणालो. "सगळ्यांना होतं. हळूहळू जातं."

त्याचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत असं काही मी एकदाही पाहिलेलं नव्हतं, आणि त्याची आई माझ्याकडेच बघत होती.